शुक्रवारचा वाख

मल्लेश्वरम, बंगळूर
८ जुलै १९६३

ती. तानूआत्यास गुंडूचा शि. सा. नमस्कार.

तब्येत चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. मला वाख पाहिजे. घायपाताचा, दहा शेर, न वळलेला आणि मुख्य म्हणजे तेलाचा हात न लागलेला. हसू नकोस. दोर वळायचा नाही म्हणून बी.एस्सी. झालो आणि तीनशे मैलांवर येऊन वाखातच बसलो, हे मलाही कळतं.

आमच्या 'तंतू व राळ संशोधन केंद्रा'चं नाव मोठं आहे, जागा एका बंगल्याची मागची बाजू आहे. इथे वाखावर रेझिन नावाचा चिकट पाक ओतून पाट्या करतात. पाक आळला की दगड होतो आणि आतला वाख त्याला फुटू देत नाही. म्हणजे देऊ नये. पण वाखावर जन्मतःच मेण असतं, पाक त्यावरून घसरतो. म्हणून आधी वाख काचेच्या नळीत घालायचा, पंपाने हवा ओढून घ्यायची आणि उरल्यासुरल्या हवेत वीज सोडायची. नळी जांभळी पेटते. साहेब तिला प्लाझ्मा म्हणतात. ती वाख जाळत नाही, वरचं मेण तेवढं खाते. मग पाक वाखाला असा धरतो की सोडवत नाही.

साहेब म्हणजे डॉ. भीमाचार्य, धारवाडकडचे. विद्वान आहेत. मी अजून तात्पुरता आहे. वीस सप्टेंबरला दिल्लीची समिती येणार. वाखाच्या पाटीची खुर्ची करायची आहे, ती त्यांना पटली तर मी कायम. नाही पटली तर महिनाअखेर मी आणि माझी ट्रंक आगगाडीत. तेव्हा वाख लवकर पाठव.

तुझा
गुंडू


मु. पो. तोरळकोप, जि. बेळगाव
१५ जुलै १९६३

चि. गुंड्यास आत्याचे आशीर्वाद.

वाख रेल्वेने पाठवला आहे. तेल लावलं नाही. न्हाऊन केस मोकळे सोडून पोरगी बाजारात पाठवावी तसं वाटलं, पण तुझ्या साहेबांना तसाच पाहिजे तर तसा.

तुझ्या नळीचं मी इथे दोघातिघांना सांगितलं. मेण काढायला वीज कशाला, राख चोळली तर निघत नाही का, असं सगळे विचारायलेत. मी म्हटलं, निघत असणार, पण राखेला दिल्लीहून समिती येत नाही.

खुर्चीवर कोण बसणार ते लिही. बसणाऱ्याचं वजन बघून मी दोर वळते. पाळण्याचा दोर वेगळा आणि म्हशीचं दावं वेगळं.

तानूबाई


मल्लेश्वरम
५ ऑगस्ट १९६३

ती. आत्यास,

बसणार समितीचे अध्यक्ष. त्यांचं वजन दिल्लीहून तारेने मागवलं आहे. 'गोपनीय' असं उत्तर आलं, त्यावरून अंदाज कर.

तुझा वाख उत्तम. सोमवारची पाटी ऐंशी किलोला मोडली, मंगळवारची ब्याऐंशी, बुधवार-गुरुवारच्या त्याच्या अलीकडेपलीकडे. आणि शुक्रवारची पंचेचाळिसाला! तीन शुक्रवार झाले. बाकीच्या वारांच्या पाट्या मोडल्या तर कशा सरळ मोडतात. शुक्रवारची मोडली की कडेला वाख सुटून हा असा दाढीसारखा बाहेर येतो. म्हणजे पाकाने त्याला धरलंच नाही. वाख तोच, नळी तीच, हात माझेच.

साहेबांनी विचार केला. दोन दिवस दार लावून केला. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "गुंडू, हा वाराचा परिणाम आहे. जगात अजून कोणी नोंदवलेला नाही. तुझ्या आत्याला विचार, त्या पाती कुठल्या वारी कापतात? शुक्रवारी कापत असतील तर बंद करायला सांग."

तेव्हा विचारतो.

मी राहतो ते घर येसाजीचं. त्याचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इथे आलं, तो मला 'अण्णा' म्हणतो आणि मराठीत बोलताना दर तिसरा शब्द कन्नड घालतो. माझ्याआधी माझ्या जागेवर तोच होता. साहेबांच्या एका पद्धतीला तो एकदा हसला. आता तो केंद्राच्या गोदामात पोत्यांना पडलेली उंदरांची भोकं मोजतो. मी हसत नाही.

गुंडू


तोरळकोप
११ ऑगस्ट १९६३

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तू किती दिवस बंगळुरात आहेस? गावचा बाजार शुक्रवारी असतो हे विसरलास होय? शुक्रवारी आम्ही दोर, दावी, शिंकी घेऊन बाजारात बसतो. त्या दिवशी पातीला कोणी हात लावत नाही. माझ्या सासूच्या सासूनेही लावला नव्हता. तुझ्याकडे आलेल्या वाखात शुक्रवारची एक पात निघाली तर नाव बदलेन.

साहेबांना सांग, दुसरं काहीतरी शोधा.

आणि साहेबांच्या कुठल्या पद्धतीला तो पोरगा हसला? ते लिहायचं राहिलं की मुद्दाम राहिलं?

तानूबाई


मल्लेश्वरम
१९ ऑगस्ट १९६३

ती. आत्यास,

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. साहेब उठून उभे राहिले. "हेच ते! पिढ्यान्‌पिढ्या त्या झाडाला शुक्रवारी सुट्टी आहे. त्याला शुक्रवारी काम करायची सवयच नाही!"

मी म्हटलं, "साहेब, पण वाख तर वाळलेला असतो."

"सरकारी नोकर निवृत्त झाल्यावर रविवारी उशिरा उठतो की नाही?" साहेब म्हणाले. याला उत्तर तुला सुचलं तर लिही.

तर आता केंद्राची तुला विनंती आहे, पत्रावर शिक्का मारून सोबत जोडली आहे, की इथून पुढे पाती शुक्रवारीच कापाव्यात, म्हणजे झाडाला सवय लागेल. समिती वीस सप्टेंबरला येते आहे. तो शुक्रवार आहे. मी तारीख बदलायचं सुचवून पाहिलं. अध्यक्षांचं विमान शुक्रवारचंच आहे.

येसाजीचं तू विचारलंस. विशेष काही नाही.

गुंडू


तोरळकोप
३१ ऑगस्ट १९६३

चि. गुंड्यास आशीर्वाद.

शिक्का बघून पोस्टमन घाबरला. त्याला वाटलं, जमीन गेली.

तेवीस तारखेला, शुक्रवारी, बाजार बुडवून पाती कापल्या. सगळं गाव डोक्यावर गाठोडी घेऊन बाजाराला निघालं आणि मी कोयता घेऊन उलट्या दिशेने. "तानूबाई, बरं नाही का?" म्हणून अकरा जणांनी विचारलं. मी म्हटलं, झाडाला शिकवणी चालू आहे. आता माझ्याकडे कोणी फारसं येत नाही. तो वाख पाठवला आहे.

पण मला हे पटलेलं नाही. सून भाकरी करपवते तेव्हा मी ज्वारीला विचारत नाही. सुनेला विचारते, बाई, तू काय काय केलंस? तसं तू मला लिही. सोमवारी सकाळपासून काय करतोस आणि शुक्रवारी सकाळपासून काय करतोस. वेळ घालून. काही गाळू नकोस, तू लहानपणापासून गाळतोस.

तानूबाई


मल्लेश्वरम
७ सप्टेंबर १९६३

ती. आत्यास,

शिकवलेल्या वाखाची पाटी काल केली. चव्वेचाळीस किलो. पूर्वीपेक्षा एक कमीच. साहेब म्हणतात, झाड नाराज झालंय.

तू मागितलंस ते लिहितो. सोमवार: नऊला पंप चालू. दहाला नळी पेटते. साडेदहाला वाख बाहेर. लगेच साच्यात घालायचा, पाक ओतायचा, झाकण दाबायचं, खाली शेगडी. दोन तासांत पाटी.

शुक्रवार: नऊला पंप. दहाला नळी. साडेदहाला वाख बाहेर. बाराला साचा.

मधला दीड तास राहुकाळ. इथे तो बसच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाळतात. दर वाराची वेळ वेगळी, कॅलेंडरवर छापून येते. शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्या वेळात साहेब नवीन काम सुरू करत नाहीत. ओतणं म्हणजे नवीन काम. मग वाख ताटात उघडा पडून राहतो, वर पंखा फिरतो. हिशेबनीस येऊन गालाला लावून बघतो, "एष्टु मऊ!", किती मऊ, म्हणतो. टायपिस्ट नयना बोटाला गुंडाळून बघते. बाकीच्या वारी राहुकाळ आमच्या ओतण्याच्या आड येत नाही. शनिवारी तो सकाळी नऊलाच लागतो, पण शनिवारी आम्ही फक्त यंत्र पुसतो.

येसाजी याच पद्धतीला हसला होता.

आता तू विचारशील, तुला हे पहिल्या शुक्रवारीच कळलं होतं का? दुसऱ्या. जांभळ्या उजेडातून निघालेला वाख ताजा असतो तोवरच पाक धरतो. पण हे साहेबांना सांगितलं तर उंदरांची भोकं मोजायला आम्ही दोघं होऊ. नाही सांगितलं तर वीस तारखेला अध्यक्ष पडतील आणि मी घरी येईन. तेरा दिवस राहिले. तूच सांग.

गुंडू


तोरळकोप
११ सप्टेंबर १९६३

चि. गुंड्यास आशीर्वाद.

म्हणजे मी बाजार बुडवला, गावाने मला वेडी ठरवली, आणि तुला दुसऱ्या शुक्रवारपासून ठाऊक होतं. आलास की याचं बघू.

आता ऐक. तुझ्या साहेबांना चूक दाखवू नकोस. चूक दाखवलेला माणूस चुकीला आणखी घट्ट धरतो, तुझा कुठलाच पाक असा धरत नसेल. तुझे आजोबा बेळगावला कोर्टात जायचे तेव्हा तारीख सरकार द्यायचं, मुहूर्त भटजी. दोन्ही जुळतील कसे? मग आदल्या दिवशी चांगल्या वेळेला एका फडक्यात सुपारी आणि चार तांदूळ बांधून गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. प्रस्थान ठेवलं. प्रवास सुरू झाला. मग दुसऱ्या दिवशी कुठलाही काळ असो, माणूस नवीन निघत नाही, निघालेलाच असतो.

साडेदहाच्या आधी साच्यात चमचाभर पाक घाल आणि त्यात वाखाचा एक धागा ठेव. ओतायचं काम सुरू झालं. पुढचं सगळं चालू काम. राहूला विचारायची गरज नाही. साहेब आचार्य आहेत, त्यांना प्रस्थान म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. आपण सुचवलं असं म्हणू नकोस. त्यांना सुचलं असं कर.

तानूबाई


मल्लेश्वरम
२३ सप्टेंबर १९६३

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

साहेबांना सुचायला चार दिवस लागले. मी रोज तुझ्या आजोबांच्या कोर्टाच्या गोष्टी सांगत होतो (तुझे नव्हेत, माझे, घाईत लिहितोय). बुधवारी ते एकदम थांबले. "गुंडू, ओतण्याचं प्रस्थान ठेवलं तर?" मी म्हटलं, "साहेब! हे कुणाला सुचलं नसतं."

शुक्रवारी समिती आली. पाच जण. अध्यक्ष दारातून आले तेव्हा उजेड कमी झाला. दहा वाजता नळी पेटली, सगळे "वा" म्हणाले. दहा वीसला मी साच्यात धागा ठेवला. साहेबांनी त्याला अक्षता वाहिल्या. दोन तांदूळ पाकात पडले.

"हे काय?" एका सभासदाने विचारलं.

"भराव," साहेब म्हणाले.

साडेदहाला वाख बाहेर, साडेदहा वाजून तीन मिनिटांनी ओतून झाला. राहुकाळात! साडेबारा वाजून गेले तेव्हा खुर्चीची बैठक साच्यातून निघाली. पिवळी, काचेसारखी, मधोमध दोन तांदूळ दिसतायत. ती लोखंडी पायांवर बसवली. पाय सगळ्यांत स्वस्त निविदेचे होते.

अध्यक्ष बसले. क्षणभर काही झालं नाही. मग चारही पाय सावकाश चार दिशांना गेले. अध्यक्ष घाईगडबड न करता खाली येत राहिले आणि जमिनीवर टेकले. बैठक त्यांच्याखाली जशीच्या तशी! एक ओरखडा नाही. माझ्या डोळ्यांपुढे ट्रंक आली. अध्यक्षांनी बसल्या जागी बैठकीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "मजबूत है."

त्यांना उठवायला चौघं लागले. अहवालात पायांचा उल्लेख नाही. जाताना त्यांनी आमच्या जुन्या नोंदी चाळून साहेबांना विचारलं, "शुक्रवारची कमजोरी गेली कशाने?" साहेबांनी आपल्या धाग्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बीजतंतूने." अध्यक्षांनी लिहून घेतलं.

मला महिनाअखेर जायला सांगितलेलं नाही. अजून कायमही म्हटलेलं नाही.

गुंडू


तोरळकोप
२ ऑक्टोबर १९६३

चि. गुंड्यास आशीर्वाद.

वाचून गावात सगळ्यांना सांगितलं. माणसं परत यायला लागली आहेत.

एक विचारते. तो धागा आपण राहूसाठी ठेवला होता. आता तो दिल्लीला गेला. तिथे कोणी विचारलं की याने नक्की काय होतं, तर काय सांगणार? सावकाशीने साहेबांना खरं सांगायची वाट काढ. घाई नाही, पण काढ. आधी कायम हो, मग काढ.

तानूबाई


मल्लेश्वरम
१८ नोव्हेंबर १९६३

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

कायम झालो! हुकूम शनिवारी आला. दिल्लीने नवीन जागाच मंजूर केली आहे: 'बीजतंतू सहाय्यक'. काम असं, की दर शुक्रवारी दहा वीसला साच्यात एक धागा ठेवायचा. तांदूळ दोन, अखंड. बाकीच्या वारी आठवड्याच्या धाग्याची तयारी. नळी आणि पंप सांभाळायला वेगळा माणूस येणार आहे, तात्पुरता. मला टेबल मिळालं, टेबलाला खण आहे, खणाला किल्ली आहे.

मधे एक लहानशी अडचण आली होती, निस्तरली. येसाजीला महिनाभर मदतीला दिलं होतं. त्याने एका शुक्रवारी माझ्या नकळत दोन बैठका केल्या, एकीत धागा, एकीत नाही. ओतल्या मात्र दोन्ही लगेच. दोन्ही एकाच वजनाला मोडल्या. घरी येऊन म्हणतो कसा, "अण्णा, तुझ्या धाग्याने एनू इल्ला, काहीच होत नाही! सगळा खेळ वेळेचा आहे. मी टिपण लिहितो, दोघांची सही करू." मी म्हटलं, स्वल्प थांब. तो थांबला नाही. टिपण साहेबांकडे गेलं आणि साहेबांनी ते संबंधित कर्मचारी म्हणून माझ्याकडेच अभिप्रायाला पाठवलं.

मी अभिप्राय दिला: 'दोन्ही बैठका एकाच टेबलावर असल्याने पहिल्या बैठकीतील बीजतंतूचा परिणाम दुसरीवर झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' साहेबांनी 'मान्य' असं लाल शाईने लिहिलं. येसाजी परत गोदामात गेला. त्याच्या प्रकृतीला तिथली हवा बरी, असंही मी वर लिहिलं होतं, त्याच्या भल्यासाठी. हल्ली तो घरी माझ्याशी फारसा बोलत नाही, कामाचा शीण असेल.

साहेबांना खरं सांगायचं तू लिहिलं होतंस. पण आता खरं म्हणजे नक्की काय, हा प्रश्न आहे. तांत्रिक बाब आहे, पत्रात समजावता येणार नाही.

वाख संपत आला आहे. नेहमीइतका पाठव.

तुझा
गुंडू (कायम)


तोरळकोप
२७ नोव्हेंबर १९६३

चि. गुंड्यास आशीर्वाद.

कायम झालास, देवापुढे साखर ठेवली.

वाखाचा गठ्ठा बांधून तयार होता. वर पत्ता लिहायला तुझं पत्र पुढे घेतलं, ते परत एकदा वाचलं, आणि गठ्ठा येसाजीच्या नावाने गोदामाच्या पत्त्यावर पाठवला. त्याला चिठ्ठी घातली आहे, की बाबा, तुला पाहिजे तशा पाट्या कर, मोड आणि काय होतं ते मला लिही. मला चौथीपर्यंतचं येतं, समजेल. इथून पुढे गठ्ठे तिकडेच जातील. तुझ्या नव्या नळीवाल्याला लागला तर त्याने तिथून मागून घ्यावा.

तुला गठ्ठ्याची गरज नाही. या पाकिटात वाखाचे धागे घातले आहेत. बावन्न आहेत, वर्षाचे शुक्रवार तेवढेच. खणात ठेव, किल्ली लाव. कधी आजारी पडलास आणि शुक्रवार चुकला, तर उरतील ते परत पाठव. शिंक्याला लागतात.

तानूबाई